अनाथांचा रविवार

खोटं बोलायला निदान तोंड तरी उघडावं लागतं. ग्रेचेनने तेवढेही कष्ट घेतले नव्हते. तिने नुसती मान हलवली होती, आणि तीही तोंडात घास असताना.

अडीच वर्षांपूर्वीची गोष्ट. अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावाच्या उत्तर भागात नवं घर घेतल्यावर ती जवळपासचं चर्च शोधत होती. आधीची दोन तिला मानवली नव्हती. ग्रेस क्रीक चर्चमध्ये ती पहिल्यांदा गेली, त्या रविवारी नेमकं प्रार्थनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. प्रत्येकीने घरून काहीतरी करून आणलं होतं. सहा वर्षांची डेसा आईचा कोट धरून बसली होती, आणि समोर कुस्करलेल्या बटाट्यांवर चिकन-नूडल्स ओतलेली ताटं होती. तेवढ्यात शेजारी मार्लीन येऊन बसली. मार्लीन म्हणजे सत्तरीची, पिंजलेल्या पांढऱ्या केसांची बाई. चर्चमध्ये कुणाच्या घरी काय शिजतंय याची खबर पास्टरच्या आधी हिला असायची.

"अगं बाई, काय गोड पोर आहे," ती डेसाकडे बघून म्हणाली. "कुठून आणलीत हिला?"

"इथलीच आहे," ग्रेचेन म्हणाली आणि तिने घास घेतला.

"इथलीच? म्हणजे सरकारी सांभाळातली? आणि तुम्ही दत्तक घेतलीत?"

ग्रेचेनने हो म्हणून मान हलवली.

आता त्या मानेमागे काय होतं तेही सांगायला हवं. डेसा रंगाने, नाकाने, कपाळाने, सगळ्याने बापावर गेली होती. बाप क्लिफ्टन गेन्स, काळा माणूस, त्याच गावाच्या दक्षिण भागात जन्मलेला-वाढलेला. ग्रेचेन पलीकडच्या शेतीवाडीतल्या जर्मन वळणाच्या घरातली, इतकी गोरी की उन्हात दहा मिनिटांत लाल व्हायची. गोऱ्या बाईच्या हाताला काळं मूल दिसलं की लोकांचे डोळे एका ठरलेल्या वाटेने जातात. आधी मुलाकडे, मग बाईच्या अंगठीच्या बोटाकडे, मग तिच्या पाठीमागे, माणूस कुठे दिसतोय का ते बघायला. ग्रेचेनने ही वाट सहा वर्षं पाहिली होती. किराणा दुकानात, पोहण्याच्या तलावावर, दाताच्या दवाखान्यात, जिथे ती लोकांचे दात साफ करायची. आधीच्या चर्चमध्ये तर "माझीच आहे, माझ्या नवऱ्यावर गेलीय," असं तिने हसत सांगितल्यावर शेजारच्या बाईने "अच्छा" म्हणून आपली पर्स दुसऱ्या बाजूला ठेवली होती. तेव्हा ती थकली होती हे खरं. पण थकलेलं माणूस गप्प बसतं, मान हलवत नाही.

मान हलवल्यावर मार्लीनने काटा खाली ठेवला आणि तिला मिठी मारली. घट्ट, डोळ्यांत पाणी आणून. हे पोर पदरी आहे म्हणून एखाद्या गोऱ्या म्हातारीने मिठी मारावी, असं ग्रेचेनच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिच्या सख्ख्या आईनेसुद्धा कधी मारली नव्हती. तेच मूल, तीच आई. पोटची म्हटली की बाईचं कुठेतरी पाऊल घसरलेलं, दत्तक म्हटली की बाई देवमाणूस. ग्रेचेनला हा अन्याय कळत होता, आणि तरी ती मिठी तिला गोड लागली. नंतर ती स्वतःला कितीही दोष देवो, लाज खरी त्या गोडीची होती.

एकदा गोड लागल्यावर पुढचं आपोआप झालं. मार्लीनला सांगितलं म्हणजे गावजेवण घालून सांगितल्यासारखंच. दुसऱ्या रविवारी दारातच दोघीतिघींनी तिचा हात दाबला. ख्रिसमसला दत्तक मुलांच्या घरांसाठी म्हणून भेटकार्ड आलं, मोठ्या झालेल्या मुलींचे कपडे आले. "हिच्या खऱ्या आईचा काही पत्ता?" असं एकीने विचारलं तेव्हा ग्रेचेन हळूच म्हणाली, "तिच्यासमोर आम्ही तो विषय काढत नाही." हे वाक्य इतकं शहाणं वाटलं की पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

क्लिफ्टन चर्चला येत नसे. त्याच्या कारखान्यात त्याची पाळी शुक्रवार, शनिवार, रविवार अशी, बारा-बारा तासांची. नवरा म्हटल्यावर तो गोराच असणार हे सगळ्यांनी धरून चाललं होतं, आणि ग्रेचेनने ते मोडलं नाही. "क्लिफला आठवडाअखेर सुट्टी नसते," एवढंच ती सांगायची, आणि ते तर शंभर टक्के खरं होतं. आपण खोटं बोलत नाही, लोकच चुकीचं समजतात, अशी तिने मनाची समजूत घातली होती. मन असं समजूतदार असतं खरं, विशेषतः स्वतःच्या बाबतीत.

सगळ्यात ओशाळं व्हायचं ते डेसाच्या केसांवरून. दर शनिवारी दुपारी डेसा आपल्या आजीच्या दोन गुडघ्यांमध्ये बसायची, आणि आजी तीन तास खपून तिचे केस विंचरून, तेल लावून, बारीक वेण्या घालायची. आजीचं नाव ओडेसा, नातीला तेच नाव ठेवलं होतं. रविवारी चर्चमध्ये बायका त्या वेण्या बघायच्या आणि म्हणायच्या, "ग्रेचेन, कसं शिकलीस गं हे सगळं? परक्याच्या लेकरासाठी एवढं कोण करतं?"

"शिकते हळूहळू," ग्रेचेन म्हणायची. सासूच्या बोटांचं कौतुक ती खाली मान घालून घ्यायची, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

नोव्हेंबरात त्या चर्चमध्ये अनाथांचा रविवार असे. ज्यांनी मुलं दत्तक घेतली ती घरं व्यासपीठावर जात, प्रत्येक आईला पांढरा गुलाब मिळे, आणि एखादी आई दोन शब्द बोले. पहिल्या वर्षी ग्रेचेनला त्या दिवशी ताप आला. दुसऱ्या वर्षी पाठ धरली. तिसऱ्या वर्षी आजारी पडायची सोय राहिली नाही, कारण रविवारच्या शाळेत डेसाला कविता म्हणायला निवडलं होतं आणि ती आठवडाभर न्हाणीघराचं दार लावून पाठ करत होती.

"आम्हाला तरी ऐकव," ग्रेचेन म्हणाली.

"नाही. रविवारीच ऐकायची. टीचर म्हणाली तू रडशील."

बुधवारी संध्याकाळी ग्रेचेन पास्टर केंटकडे गेली. आज सांगून मोकळं व्हायचं असं तिने गाडीत तीनदा घोकलं होतं. पास्टर केंट हा चाळिशीचा, जीन्स घालणारा, मनाचा खरोखर चांगला माणूस. वाईट माणसाला खरं सांगणं त्या मानाने सोपं असतं.

"पास्टर, मला तुम्हाला डेसाबद्दल एक सांगायचंय."

"आधी मला सांगू द्या," तो म्हणाला. "मार्लीनने विचारलंच असेल तुम्हाला. यंदा दोन शब्द तुम्ही बोलायचे. नाही म्हणू नका. तुमच्याकडे बघून या चर्चमधल्या चार घरांनी दत्तकासाठी अर्ज भरलेत, माहितीये? पलीकडच्या रांगेतले ते दोघं भाऊ, त्यांना घर मिळालं ते तुमच्यामुळे. त्या जोडप्याने मला स्वतः सांगितलं. म्हणाले, ग्रेचेनला जमतं तर आम्हाला का नाही जमणार." मग तो थांबला. "बोला. तुम्ही काय म्हणत होतात?"

"काही नाही," ग्रेचेन म्हणाली. "तिची कविता आधी ठेवाल का? तिला भीती वाटते."

घरी येताना तिला स्वतःची इतकी किळस आली की लाल दिव्याला थांबल्यावर शेजारच्या गाडीतल्या माणसाकडेही तिला बघवेना.

शनिवारी ती डेसाला आणायला सासूकडे गेली तेव्हा वेण्या घालून झाल्या होत्या आणि आगीतून फुफाट्यात पडायची तयारीही झाली होती. मिस ओडेसा पलंगावर टोप्यांचे डबे उघडून बसली होती. ग्रेचेन सासूला मिस ओडेसा म्हणायची, सगळा दक्षिण भागच तसं म्हणायचा.

"जांभळी घालू का करडी?" मिस ओडेसाने विचारलं.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? माझी नात देवाच्या घरी उभी राहून बोलणार, आणि मी काय घरी वाटाणे सोलत बसू? आमच्यात पोर ईस्टरला दोन ओळी जरी म्हणालं तरी पहिली रांग घरच्यांनी भरते. क्लिफ्टनपण येतोय. त्याच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीला काढलंय ना."

"तिथली प्रार्थना फार कोरडी असते, मिस ओडेसा. गाणीबिणी काही नाहीत. तुम्हाला करमायचं नाही."

"मग मी गाईन," सासू म्हणाली. "जांभळीच घालते."

तेव्हासुद्धा वेळ होती. त्या संध्याकाळी क्लिफ्टन स्वयंपाकघरात उभा राहून बूट चमकवत होता, शीळ घालत होता. अडीच वर्षांत पहिल्यांदा बायको-मुलीबरोबर चर्चला जायचं म्हणून तो खुशीत होता. "तुझी ती मार्लीन एकदाची बघू दे मला," तो म्हणाला. "ती घरी पाठवते त्या लिंबाच्या केकवर मी जगतोय." ग्रेचेन त्याच्या पाठीकडे बघत राहिली. अकरा वर्षांचा संसार, आणि त्या पाठीला सांगायला तिच्याकडे एक वाक्य नव्हतं.

रविवारी कवितेसाठी ग्रेचेनला डेसाला घेऊन लवकर जावं लागलं. क्लिफ्टन आईला घेऊन मागून आला. ग्रेचेन दाराशीच थांबून होती, पण मार्लीन तिच्या आधी पोचली. करडा सूट घातलेला उंच काळा माणूस आणि जांभळ्या टोपीतली त्याची आई, शंभर गोऱ्या माणसांत. मार्लीनने त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीवर दत्तक मुलांच्या फोटोंत लावलेल्या डेसाच्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा क्लिफ्टनच्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने ग्रेचेनचा दंड धरला.

"तू हिच्या खऱ्या घरच्यांना बोलावलंस," ती कुजबुजली. "केवढं मोठं मन गं तुझं."

आणि ग्रेचेन काही म्हणायच्या आत तिने क्लिफ्टनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "तुम्ही आलात, फार बरं वाटलं. लाजू नका अजिबात. मुलगी देऊन टाकली ती तुम्ही तिच्या भल्यासाठीच दिलीत. बघा, किती छान वाढतेय. ग्रेचेन आणि तिच्या नवऱ्याने तिला काही कमी पडू दिलेलं नाही."

क्लिफ्टन हसऱ्या चेहऱ्याने आला होता. ते हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या आतून माणूस निघून गेला. त्याने मार्लीनच्या डोक्यावरून ग्रेचेनकडे पाहिलं. रागाने नव्हे. तो वाट बघत होता. हे काय चाललंय ते त्याला अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं ग्रेचेनने एका शब्दात खोडून टाकावं म्हणून त्याने तिला पुरता वेळ दिला.

ग्रेचेन म्हणाली, "प्रार्थना सुरू होतेय. आपण बसू या."

हे ती तोंड उघडून बोलली. या वेळी तोंडात घास नव्हता.

मार्लीनने त्या दोघांना मानाने तिसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात मिस ओडेसाला पुष्कळ ठिकाणी पुष्कळ चुकीच्या खुर्च्यांवर बसवलं गेलं होतं. सून बसवेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

गाणी झाली. पास्टरने घरांची नावं वाचली. सात घरं वर गेली, ग्रेचेन आणि डेसा सगळ्यांत शेवटी. पिवळ्या झग्यातली डेसा माइकसमोर उभी राहिली आणि हात पाठीमागे बांधून टीचरने लिहिलेली कविता तिने न अडखळता म्हटली:

"एका आईच्या पोटी जन्मले,
दुसरीच्या दारी आले,
मी तिच्यासारखी दिसत नाही,
तरी तिची झाले."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्लीन रुमाल घेऊन रडत होती. ग्रेचेनच्या हातात गुलाब दिला गेला आणि माइक तिच्याकडे वळला.

तिने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. क्लिफ्टन तिच्याकडे बघत नव्हता. तो बाजूच्या दाराकडे बघत होता, मग आईकडे, मग मधल्या खुर्च्यांकडे. बायकोने त्याला इतक्या माणसांत नाकारलं होतं, आणि तो विचार करत होता कुणालाही त्रास न देता, कुणी घाबरणार नाही अशा बेताने आईला घेऊन बाहेर कसं पडायचं याचा. गोऱ्यांच्या घोळक्यातून असं निघायची त्याला आयुष्यभराची सवय होती. आज ती वेळ त्याच्यावर ग्रेचेनने आणली होती. हे दिसलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेलेल्या माणसाला घाबरायचं कारण उरत नाही, कदाचित म्हणून ती बोलली.

"ही दत्तक नाहीये," ती म्हणाली.

माइकमधून तिचाच आवाज तिला परका वाटला. "मी खोटं बोलले. अडीच वर्षं. तिसऱ्या रांगेत बसलेत ते क्लिफ्टन, माझे मिस्टर. त्या माझ्या सासूबाई. डेसाच्या वेण्या त्या घालतात, मी नाही. डेसा आमची आहे. मी जन्म दिलाय तिला. तुम्ही विचारलंत आणि मी हो म्हटलं, कारण... कारण हो म्हटल्यावर तुम्ही मला जवळ घेतलंत."

पास्टर केंट पुढे यायला निघाला आणि मध्येच थांबला. मार्लीनचा रुमाल तोंडाशीच राहिला होता. त्या दोन भावांची नवी आई गुलाब हातात घेऊन शेजारी उभी होती, ती पाऊलभर बाजूला सरकली.

डेसाने आईचा हात ओढला. तिला वाटलं आपण कानात सांगतोय, पण माइक तिच्या तोंडाशीच होता.

"मॉम, चर्चमध्ये खोटं नाही बोलायचं."

ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

बाहेर गाड्यांच्या मैदानात बोचरा वारा होता. मार्लीन त्यांच्या मागे आली नाही. कुणीच आलं नाही. डेसाला गाडीत बसवून क्लिफ्टनने दार लावलं आणि तो ग्रेचेनपासून चार हातांवर उभा राहिला.

"त्या बाईने माझा हात धरला," तो म्हणाला. "माझा हात धरून मला म्हणाली, मुलगी देऊन टाकलीत ते भल्यासाठीच दिलीत. मी काय म्हणायचं होतं त्यावर, ग्रेच? थँक यू म्हणायचं होतं?"

"मी सांगणार होते."

"कधी? तिच्या लग्नात?"

"मला माफ कर."

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "तू मला लपवलंस ना, ते मी सोसेन. मला सवय आहे. पण तिची आई तू आहेस एवढं एकच तर तिला कुणी चेहऱ्यावरून सांगू शकत नव्हतं. ते फक्त तू सांगायचं होतंस."

मिस ओडेसाने टोपी काढून हातात घेतली होती. ती सुनेकडे न बघता मुलाला म्हणाली, "घरी ने मला. आणि पोरीला काहीतरी खायला घाला. सकाळपासून पोटात काही नाही तिच्या." मग गाडीत बसता बसता ती ग्रेचेनला म्हणाली, "अकरा वर्षं जेवतेस माझ्या हातचं. पोटभर जेवतेस. म्हणून म्हटलं, पचत असेल."

घरी आल्यावर डेसा कपडे न बदलता आपल्या पलंगावर पाय हलवत बसली. ग्रेचेन तिच्यासमोर जमिनीवर बसली. क्लिफ्टन आईला सोडून आला होता आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"डेसा, तुला असं का वाटलं की मी खोटं बोलतेय?"

"कारण मी तुझी नाहीये ना," डेसा साधेपणाने म्हणाली. "मला माहितीये. मी सहा वर्षांची होते तेव्हाच तू मिसेस मार्लीनला सांगितलंस. मी तिथेच होते."

"मग तू मला विचारलं का नाहीस?"

"तू म्हणालीस ना, तिच्यासमोर विषय काढत नाही. मला वाटलं तुला वाईट वाटतं." ती बापाकडे बघून घाईने म्हणाली, "मी डॅडीची आहे. ते दिसतंच. ग्रॅनीचीपण आहे. फक्त तुझी नाही. पण टीचर म्हणाली की निवडलेलं मूल जास्त आवडतं, म्हणून ठीक आहे."

अडीच वर्षं. अडीच वर्षं हे पोर ते ओझं एकटं वाहत होतं, शाळेत जात होतं, रात्री आईचा पापा घेऊन झोपत होतं, आणि आईला वाईट वाटू नये म्हणून गप्प होतं. दुकानातल्या बायकांचे डोळे ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने ही चिमुरडी स्वतःच्या आईकडे बघत होती, आणि ती वाट तिला आईनेच दाखवली होती. ग्रेचेनला वाटलं, धरणीने आता पोटात घ्यावं.

ती उठली आणि कपाटातून जन्मदाखला घेऊन आली. "वाच. इथे माझं नाव आहे. आई, ग्रेचेन."

डेसाने वाचलं. "टीचर म्हणाली, कोर्ट नवीन कागद करून देतं. जुना बंद करून ठेवतात."

क्लिफ्टन खाली जाऊन फोटोंची वही घेऊन आला. दवाखान्यातला पहिला फोटो. हिरव्या टोपीतला क्लिफ्टन, त्याच्या हातात कपड्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं बाळ. डेसाने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"यात डॅडी आहे," ती म्हणाली. "तू कुठेयस?"

"मी आत होते, बेबी. मला टाके घालत होते."

डेसाने समजूतदारपणे वही मिटली. तिला कुणाचं मन मोडायचं नव्हतं.

मग ग्रेचेनने चर्चचा चांगला झगा वर उचलला आणि ओटीपोटावरची ती आडवी, पांढरट पडलेली रेघ दाखवली. "हे बघ. हात लाव. डॉक्टरांनी इथे कापून बाळ बाहेर काढलं. खरंखुरं. याला कुणी कागद करून देत नाही."

डेसा पलंगावरून उतरली. तिने एका बोटाने रेघेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूच हात फिरवला. तिचा चेहरा बदलला, डोळे मोठे झाले. पटलं, आता पटलं हिला, असं ग्रेचेनला वाटलं.

डेसाने आईच्या गळ्यात हात टाकला आणि मोठ्या माणसासारखं तिच्या पाठीवर थोपटत तिने अगदी हलक्या आवाजात विचारलं, "मॉम, तुझं ते बाळ कुठे गेलं?"